श्वासाची जागा

बरबँकला, टायरच्या दुकानावरच्या खोली नंबर चारमध्ये
एकतीस वर्षं मी पियानो वाजवतोय
येणाऱ्या-जाणाऱ्या गळ्यांसाठी.
चेहरे बघणं माझं काम नाही,
ते टेबलामागच्या तिघांचं.
माझी त्यांच्याकडे पाठ असते,
आणि पाठीला चांगलं ऐकू येतं.

सकाळपासून सतरा मुली होऊन गेल्या.
त्यांतल्या पाच गात होत्या.
एक तर अशी, की खालचा हवेचा पंप
कुणीतरी बंद केला.
टेबल म्हणालं, गोड आहे, पण पोस्टरवर हिला ओळखणार कोण?
मग आली ती, जिला दोन कोटी लोक ओळखतात.
तिनं पहिल्याच ओळीत सूर असा सोडला
जसं पार्किंगमध्ये कुणी मूल विसरावं.
टेबल म्हणालं, हे मशीनवर दुरुस्त होईल.
मी पान उलटलं. माझा दर ताशी आहे.

ही निवड दुसऱ्या भागाची.
पहिला येऊन बावीस वर्षं झाली.
त्यात लेनोर हॅस्केट गायली, असं जगाला वाटलं.
गायली होती ऑर्थिया बीमन,
इंगलवूडला शाळेची बस चालवणारी.
दोन दुपारी, ठरलेले पैसे,
आणि एका कागदावर सही
की नाव कुठंही येणार नाही.
पियानोवर मीच होतो. नाव माझंही नव्हतं,
पण पियानोला कुणी चेहरा मागत नाही.

दुसऱ्या दुपारी वाळवंटातले कोरडे वारे सुटले होते
आणि ऑर्थियाला दमा.
तिसऱ्या कडव्यात ‘घर’ या शब्दाच्या ऐन तोंडाशी,
जिथं श्वास घ्यायचाच नसतो,
ती थांबली. एवढासा श्वास घेतला. मग घर.
मी हात उचलले. पुन्हा घेऊ म्हणालो.
दिग्दर्शक काचेपलीकडून म्हणाला, नको, असू दे,
हुंदक्यासारखं वाटतंय.
त्या एका जागेवर पुढं
थिएटरंच्या थिएटरं रडली.

या वेळी उसना गळा नको, असं वर ठरलंय.
लोकांना म्हणे आता खरं हवं.
जुन्यांपैकी एकटी लेनोर, आईच्या भूमिकेत.
चारच्या सुमाराला आली, चष्मा कपाळावर,
हातात स्वतःचा चहाचा थर्मास.
“पट्टी कुठवर खाली आणशील?”
“पाय टेकतील तिथवर.”
काळी पाचवरून उतरत उतरत
आम्ही पांढरी तीनला आलो.

चांगली गायली असं म्हणणार नाही.
खालचे सूर ओल्या वाळूत रुतत होते,
ती एकेक पाय ओढून काढत होती.
तिसरं कडवं आलं.
‘घर’च्या आधी माझी बोटं आपसूक थांबली,
आणि तीही.
एवढासा श्वास. मग घर.

कागदावर तिथं काही नाही,
कागद माझ्यासमोर होता.
आठ महिने आरशापुढं उभी राहून
ऑर्थियाच्या टेपवर ओठ हलवले होते तिनं.
ओठ विसरले असतील.
छातीला कुणी विसरायला सांगितलं नव्हतं.

“हाच!” टेबल म्हणालं, “हाच तो खरेपणा!”
तिघंही काहीतरी लिहू लागले.

लेनोर पियानोपाशी आली. हळू विचारलं,
“ती कशी आहे?”
म्हटलं, “नाकाला नळी असते. तरी गाते.
तीन शब्द, मग विश्रांती, मग तीन.”
ती थोडा वेळ थर्मासचं झाकण फिरवत राहिली.
मग माझ्या कानामागची पेन्सिल काढली
आणि ‘घर’च्या आधी एक स्वल्पविराम केला,
वर बारीक अक्षरांत: ऑ. बी.
पेन्सिल परत दिली नाही.

अठरावी मुलगी आत आली,
तेच गाणं, तेच पान.
खाली पंप सुरू झाला होता.
माझ्या खांद्यावरून वाकून तिनं वाचलं.
“ऑ. बी. म्हणजे काय? हळू गायचं?”
मी म्हटलं, “नाही. तिथं श्वास घे.”